चौक कुणाचा? दुकानाच्या पाटीपासून डिजिटल बोर्डापर्यंत

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी काही वर्षांपूर्वी, एप्रिल महिन्याच्या एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. वस्तीतल्या पोरांनी भीमजयंतीसाठी चौकात लावलेला निळा फलक 'परवानगी नाही' म्हणून उतरवला गेला. त्याच चौकात एका मोठ्या दुकानाचा विजेवर चालणारा डिजिटल बोर्ड उभा राहिला. फुटपाथ फोडून त्याचा खांब रोवला, आणि खांबाला जागा हवी म्हणून तिथला पानठेला आणि चप्पल शिवणाऱ्या काकांची पेटी हलवली गेली. आम्ही चौकशीला गेलो तेव्हा आम्हाला फलकाची परवानगी मागितली. आम्ही बोर्डाची परवानगी दाखवा म्हणालो. फाईल काही निघाली नाही.

गोष्ट लहान आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. अत्याचाराच्या बातम्या रोज येत असताना पाटीवर कसला लेख लिहिता, असे कुणी विचारेल. पण सार्वजनिक जागा कुणाची आणि ती वापरायची परवानगी कोण देतो, हाच तर आपल्या चळवळीचा पहिला प्रश्न होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्यानुसार महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे परवानगी होती. सही होती, शिक्का होता. पण तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती त्या कागदाला चौकात उतरवण्यासाठी. पुढे काय झाले? त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ ला आपला ठराव मागे घेतला. तळे खासगी आहे, असा दावा घेऊन सनातनी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडले.

यातून आम्ही एक धडा घेतो. स्थानिक संस्थेची परवानगी कागदावर सर्वांसाठी सारखी असते. ती कुणाला मिळते आणि कुणापर्यंत पोचते, हे सभागृहात कोण बसले आहे यावर ठरते.

आता आपल्या वर्ध्याकडे पाहू. पालकवाडी नावाच्या गावाच्या जागी १८६६ मध्ये हे शहर वसवले गेले आणि १८७४ मध्ये इथे नगरपालिका आली. मध्य प्रांतातल्या त्या काळच्या नगरपालिकांत मताचा हक्क मालमत्ता आणि कर अशा अटींनी बांधलेला होता. ज्याचे दुकान, त्याचे मत. ज्याचे मत, त्याचा रस्ता. १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले, याचा गौरव आजही होतो. त्या पावलाचे मोल आम्ही नाकारत नाही. पण फरक ओळखा. इथे ज्यांच्या हाती मंदिर होते त्यांनी दार उघडले. महाडला नागरिक आपला हक्क बजावायला गेले. उघडलेले दार बंदही करता येते. हक्काचे तसे नसते.

ग्रामस्वराज्याचे स्वप्न याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामातून देशभर गेले. बाबासाहेबांनी मात्र ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्थानिक सत्तेच्या या गोडव्यांवर कठोर टीका केली. स्थानिक सत्ता म्हणजे स्थानिक बलवानांची सत्ता, हे त्यांनी सोसलेले होते. म्हणूनच प्रौढ मताधिकार, आणि पुढे १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगर परिषदांत अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी आलेल्या राखीव जागा महत्त्वाच्या. आज आपली माणसे त्या सभागृहात बसतात. मग पाटीचा प्रश्न त्यांनी विचारायचा नाही तर कुणी?

नियम नाहीत असे नाही. भारतीय रस्ते काँग्रेसने रस्त्यालगतच्या जाहिरातींबाबतचे धोरण १९७२ मध्येच मांडले. वाहनचालकाचे लक्ष विचलित होऊ नये, हा त्यामागचा साधा विचार. राष्ट्रीय इमारत संहितेच्या दहाव्या भागात पाट्या आणि जाहिरात फलकांवर स्वतंत्र प्रकरण आहे. १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेत जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिले, त्यात नगर परिषदाही आल्या.

तरीही १३ मे २०२४ ला घाटकोपरला काय झाले, ते आपण पाहिले. मर्यादा ४० बाय ४० फुटांची, आणि उभा होता १२० बाय १२० फुटांचा सांगाडा. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. महापालिका म्हणाली, आमची परवानगीच नव्हती. वादळात तो पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे गेली. तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता. एवढा मोठा फलक कुणाला दिसला नाही, पण हातगाडी मात्र रोज दिसते! फुटपाथवरचा ठेला म्हणजे अतिक्रमण आणि त्याच फुटपाथवरचा लोखंडी खांब म्हणजे विकास, हे गणित कुठल्या कायद्यात आहे? पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. सर्वेक्षण होईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेते असावेत, असे तो सांगतो. किती नगर परिषदांत ही समिती नियमित बसते, ते विचारून पाहा.

पाटीवर काय लिहायचे, यातही सत्ताच असते. महारवाडा, मांगवाडा ही नावे सरकारी कागदांवर पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदली. ती बदलण्याचा शासन निर्णय यायला ११ डिसेंबर २०२० उजाडला. जातीच्या पाटीला कधी कुणी परवानगी विचारली नाही. समतेच्या फलकाला मात्र पावती लागते.

इथे आपल्यालाही आरशात पाहावे लागेल. आपल्या नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स विनापरवानगी विजेच्या खांबांना लटकतात, कधी बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा भाऊंचा फोटो मोठा असतो. हे चूक आहे. आपण नियम मोडायचा आणि दुसऱ्याकडे नियम मागायचा, हे संविधान मानणाऱ्याला शोभत नाही. आमच्या पोरांनी त्या एप्रिलमध्ये अर्ज केला नव्हता, हेही आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पुढच्या वर्षी अर्ज केला, शुल्क भरले, पावती घेतली. फलक दिमाखात उभा राहिला आणि मुदत संपली त्या दिवशी आम्हीच उतरवला. डिजिटल बोर्ड अजून तिथेच आहे.

म्हणून आमचे म्हणणे मोजके आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार, दिलेल्या परवान्यांचा तपशील प्रत्येक सार्वजनिक संस्थेने स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. नगर परिषदेने जाहिरात फलकांची यादी जाहीर करावी: कुठला बोर्ड, कुणाच्या नावावर, किती आकाराचा, कधीपर्यंत, किती शुल्क, आणि सांगाडा मजबूत असल्याचा अभियंत्याचा दाखला आहे की नाही. ती नसेल तर आपल्या तरुणांनी वही-पेन घेऊन चौकाचौकात फिरावे, बोर्ड मोजावेत आणि अर्ज टाकावा. आपल्या नगरसेवकांनी ती यादी सभागृहात मागावी. आम्हाला निळ्या फलकासाठी सवलत नको. जो नियम आम्हाला, तोच त्या झगमगत्या बोर्डाला हवा.

चप्पल शिवणारे काका आता बसस्टँडच्या मागच्या गल्लीत बसतात. तिथे गिऱ्हाईक कमी येते. त्यांची जागा त्यांना परत मिळेपर्यंत आम्ही ही फाईल मागत राहणार आहोत.

जय भीम! जय संविधान!