प्लेज न म्हणण्याचा हक्क आपल्या मुलांना कुणी मिळवून दिला?

अमेरिकेतल्या शाळा सुरू झाल्या की पालकांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. रोज सकाळी वर्गात झेंड्यासमोर जी ‘प्लेज’ म्हणतात, ती आपल्या मुलांनी म्हणायलाच हवी का? त्यातलं ‘अंडर गॉड’ सुद्धा? सरकारी शाळा सक्ती करू शकत नाही, हे उत्तर बहुतेकांना माहीत असतं. हा हक्क आला कुठून, ते मात्र फारसं माहीत नसतं. पोस्ट जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

शनिवारी सकाळी दार वाजवून हातात ‘वॉचटॉवर’ मासिक ठेवणारी मंडळी आठवतात ना? आपण पडद्याआडून बघतो आणि दार उघडत नाही, तीच. यहोवाचे साक्षीदार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियात सुरू झालेला हा पंथ. झेंड्याला वंदन म्हणजे मूर्तिपूजा, असं ते मानतात. (आपल्याला मूर्तिपूजेचं वावडं नाही, त्यामुळे गंमत वाटेल, पण त्यांच्यासाठी तो जिवाचा प्रश्न होता.) जर्मनीत हिटलरला सलाम करायला नकार दिला म्हणून त्यांचे लोक छळछावण्यांत गेले. आणि तेव्हा अमेरिकेतल्या शाळांतही झेंड्याकडे हात लांब करूनच वंदन करायचे. अगदी नाझींसारखं दिसायचं ते.

१९३५ साली पेनसिल्व्हेनियातल्या माइनर्सव्हिल या खाणकामगारांच्या गावात बारा वर्षांची लिलियन गोबिटस आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ विल्यम यांनी वंदन करायला नकार दिला. शाळेने दोघांना काढून टाकलं. वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यावर गावाने बहिष्कार घातला. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि जून १९४० मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी मुलं हरली.

हा निकाल लिहिला फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी. इथे जरा थांबू या. हे न्यायमूर्ती ज्यू, जन्म व्हिएन्नाचा. बाराव्या वर्षी अमेरिकेत आले तेव्हा इंग्रजीचा गंध नव्हता. शाळेनेच आपल्याला अमेरिकन केलं, ही त्यांची श्रद्धा. झेंडा सगळ्यांना एकत्र बांधतो, मग शाळेने तो शिष्टाचार मागितला तर कोर्टाने मध्ये का पडावं, असा त्यांचा सूर. खरं सांगा, आपणही मुलांना हेच सांगतो ना? “बाळा, सगळे करतात तसं कर, उगाच वेगळं दिसू नकोस.” मला त्यांचा निकाल चूक वाटतो, पण त्यामागचं मन अगदी ओळखीचं वाटतं.

आणि त्या निकालानंतर काय झालं? युरोपात फ्रान्स कोसळत होता, अमेरिकेत देशद्रोह्यांची भीती पसरली होती. आता तर कोर्टानेच शिक्कामोर्तब केलं म्हटल्यावर जमाव सुटले. मेन राज्यातल्या केनेबंक गावात साक्षीदारांचं सभागृह जाळलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या रिचवुडमध्ये त्यांना एरंडेल पाजून दोरीला बांधून गावातून फिरवलं, आणि त्यात शेरिफचा डेप्युटीच पुढे होता.

कोर्टाने मात्र तीन वर्षांत स्वतःचाच निकाल फिरवला. वेस्ट व्हर्जिनियातल्या बार्नेट बहिणींच्या खटल्यात १४ जून १९४३ रोजी, म्हणजे ध्वजदिनीच, सहा विरुद्ध तीन मतांनी सक्ती रद्द झाली. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी या पंथाला धर्माची खास सवलत दिली नाही. कुणाकडूनही, कोणतीही श्रद्धा सरकार जबरदस्तीने वदवून घेऊ शकत नाही, असं त्यांनी म्हटलं. सवलत फक्त धर्माच्या नावाने दिली असती, तर उद्या प्रत्येक मुलाला आपला धर्म ‘खरा’ आहे हे सिद्ध करत बसावं लागलं असतं. आता हिंदू, जैन, नास्तिक, कुणालाही कारण द्यावं लागत नाही. फ्रँकफर्टर या वेळी विरोधात राहिले, स्वतः छळ सोसलेल्या समाजातले आहोत असं आवर्जून सांगून.

म्हणून या पंथाला सगळं माफ झालं असंही नाही. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये नऊ वर्षांच्या मुलीला रस्त्यावर मासिकं विकायला नेणाऱ्या तिच्या मावशीच्या खटल्यात कोर्टाने बालकामगार कायदा वरचढ ठरवला. श्रद्धा तुमची, पण मूल रस्त्यावर उभं करायचं नाही.

भारतातही हाच पेच आला. १९८५ मध्ये केरळात याच पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. गाण्याची सक्ती करणारा कायदाच नाही आणि उभं राहण्यात आदर आहेच, असं त्यांचं म्हणणं. ‘बिजो इमॅन्युएल’ खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे.

‘अंडर गॉड’ हे शब्द मात्र मूळ प्लेजमध्ये नव्हते. ते १९५४ साली घातले, तेही १४ जूनलाच.

आता कामाचं. टेक्सास आणि फ्लोरिडात मुलाला सूट हवी असेल तर पालकांनी लेखी कळवावं लागतं. इतर ठिकाणी तुमच्या राज्याचा नियम एकदा बघून घ्या. आणि चिठ्ठी लिहिण्याआधी मुलालाच विचारा. कदाचित त्याला म्हणायचीही असेल, मित्रांबरोबर, जोरात.