डिंभ्याच्या काठावरून

मानवी हक्कांवरची पुस्तके बहुधा 1948च्या जागतिक जाहीरनाम्यापासून सुरू होतात. नव्या अभ्यासकाला मी मात्र आधी डिंभ्याला बोलावतो. घोड नदीवरच्या या धरणात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याला नाव तेवढे राहिले. पाणी कालव्यांतून पूर्वेच्या शेतांना गेले आणि ज्यांची भातखाचरे गेली ते आदिवासी डोंगरउतारावर सरकले.

कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने या विस्थापितांसोबत जे काम केले, त्यात या विषयाची जवळजवळ सगळी बाराखडी सापडते. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कोण पेरणार? जलाशयातले मासे कोण धरणार, बाहेरचा ठेकेदार की ज्यांचे शेत त्या पाण्याखाली आहे ते? असले प्रश्न धान्यवाटपाने सुटत नाहीत. मासेमारीसाठी आदिवासींचीच सहकारी संस्था उभी राहिली. पडकईला, म्हणजे एकमेकांच्या रानात मिळून राबत उतारावर भातखाचरे बांधण्याच्या जुन्या रीतीलाही, नव्याने बळ मिळाले. एखाद्या संस्थेचे काम जोखताना मी एवढेच पाहतो: शेवटी कागदावर नाव कुणाचे लागले?

कागदाला कमी लेखू नये. भीमाशंकरचे जंगल 1985मध्ये अभयारण्य झाले. त्यात पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्यांच्या हाती लेखी असे फारसे काही नव्हते. 2006च्या वनहक्क कायद्याने दाव्यांची सुरुवात ग्रामसभेकडे सोपवली आणि नियमांनी गावातल्या वडीलधाऱ्यांची लेखी जबानीही पुरावा मानली. आजोबांची आठवण सरकारदरबारी चालते. फक्त ती कुणीतरी शेजारी बसून नीट उतरवून घ्यावी लागते. मग नकाशा, ठराव, तालुक्याच्या खेपा, फेटाळलेल्या दाव्यावर अपील. कार्यकर्त्याचे निम्मे आयुष्य यातच जाते, भाषणांत नव्हे.

1993च्या मानवाधिकार संरक्षण कायद्याच्या कलम 12मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या प्रयत्नांना उत्तेजन देणे हे मानवाधिकार आयोगाचे कामच ठरवले आहे. पण संस्था म्हणायचे कुणाला? 2020च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे नुकसान झाले, तेव्हा भरपाईसाठी इथे किसान सभा लढली. ती जनसंघटना, देणग्यांवर चालणारा न्यास नव्हे. अभ्यासक या दोहोंना वेगवेगळ्या खणांत ठेवतात. हिरडा वेचणाऱ्या बाईला त्या खणांशी काही देणेघेणे नसते, आणि मला तिचे पटते. म्हणून पुढच्या पानांत दोन्ही सोबतच भेटतील, त्यांच्या आपसांतल्या भांडणांसकट.