'मनोविकार' या शब्दाने मला कसं फसवलं : मानसशास्त्र या नावाचा थोडा इतिहास

नामपूरच्या बाजार समितीत उन्हाळ कांद्याचा लिलाव चालू होता. ट्रॅक्टरच्या रांगेत आमच्या गल्लीतले एक आबा भेटले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हा सायकॉलॉजीमध्ये पीएचडी करतोय. त्यांनी लगेच विचारलं, "मग सांग बरं, त्या व्यापाऱ्याच्या मनात काय भाव आहे?"

मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र लक्षात आलं की आबांच्या एका वाक्यात माझ्या संशोधनाचा निम्मा विषय येऊन गेला होता. 'मन' आणि 'भाव' हे दोन्ही शब्द आपण रोज वापरतो आणि दोन्हींना एकापेक्षा जास्त अर्थ आहेत. भाव म्हणजे क्विंटलचा दर आणि भाव म्हणजे मनातली भावनाही. (आमच्या अहिराणीत तर 'मनं' म्हणजे 'माझं'. त्यामुळे 'मनं मन' म्हटलं की परगावच्या माणसाला वाटतं, आपण अडखळलो.) असे रोजचे, घरातले शब्द घेऊन एखादं शास्त्र उभं राहतं तेव्हा त्या शब्दांचं काय होतं, हे मी शोधतोय. तुमच्यापैकी जे आता संशोधनाचा आराखडा लिहायला बसले असतील, त्यांच्यासाठी माझी एक चूक इथे मोकळेपणाने सांगतो. त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

इंग्रजीतला 'सायकॉलॉजी' हा शब्द दोन कामं करतो. एक, विषयाचं नाव. दोन, एखाद्याच्या मनाची घडण किंवा कल. 'व्यापाऱ्याची सायकॉलॉजी' म्हणताना आबांना दुसरा अर्थ हवा असतो. मराठीने ही कामं वाटून दिली आहेत: विषय तो मानसशास्त्र आणि घडण ती मानसिकता. तरीही शोधनिबंधांच्या मथळ्यांत ही दोन टोकं हमखास एकमेकांत गुंततात. 'कांदा उत्पादक शेतकऱ्यांचे मानसशास्त्र' असं शीर्षक दिलंत, तर मराठी वाचक विचारेल, शेतकऱ्यांनी स्वतःचं वेगळं शास्त्र काढलंय का? तुम्हाला बहुधा म्हणायचं असतं की भाव पडलेला असताना कांदा चाळीत ठेवायचा की विकून मोकळं व्हायचं, हा निर्णय ते कसा घेतात. मग तसंच लिहा. 'मानसिक' आणि 'मानसशास्त्रीय' यांचंही तेच. ताण मानसिक असतो, तो मोजणारी चाचणी मानसशास्त्रीय असते.

आता मूळ शब्दाकडे. ग्रीक 'सायकी' म्हणजे श्वास, प्राण, आत्मा. फुलपाखरालाही तोच शब्द होता. त्यावरून सोळाव्या शतकात लॅटिनमध्ये 'सायकोलॉजिया' असा शब्द घडवला गेला आणि १५९० मध्ये जर्मनीतल्या रुडॉल्फ गॉक्लेनियस यांच्या ग्रंथाच्या नावातच तो आला. अर्थ सरळ होता : आत्म्याविषयीचा विचार. पुढे ख्रिस्तियान वोल्फ यांनी १७३२ आणि १७३४ मध्ये दोन वेगळे ग्रंथ लिहिले, एक अनुभवावर आधारलेल्या मानसशास्त्राचा आणि दुसरा तर्कावर आधारलेल्या. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगला प्रयोगशाळा सुरू केली. तोवर आत्मा जवळजवळ बाहेर पडला होता. लांगे नावाच्या जर्मन लेखकाने १८६६ मध्येच आत्म्याविना मानसशास्त्र अशी कल्पना मांडली होती. १९१३ मध्ये अमेरिकेत वॉटसन यांनी मनालाही दार दाखवलं. अभ्यास करायचा तो फक्त दिसणाऱ्या वर्तनाचा, असं त्यांचं म्हणणं.

गंमत बघा. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'मानसशास्त्र म्हणजे वर्तनाचे शास्त्र' अशी व्याख्या असते आणि आपण ती घोकतो. नावात मानस आणि व्याख्येत ते नाही! वर्गात कुणी हात वर करून हे विचारत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. वेगवेगळ्या काळांचे थर एकाच ओळीत बसले आहेत, म्हणून ती ओळ अशी दिसते. नाव एका काळातलं, व्याख्या दुसऱ्या.

मग मराठीने 'सायकी'साठी आत्मा का नाही घेतला? याचं कारण मला आपल्या दर्शनांत दिसतं. तिथे आत्मा आणि मन या वेगळ्या गोष्टी आहेत. सांख्य आणि वेदान्तात मन हे अंतःकरणाचा भाग, म्हणजे एक साधन. न्यायदर्शनात तर मन अणूएवढं मानलं आहे आणि दोन ज्ञानं एकाच क्षणी होत नाहीत, हीच त्याच्या असण्याची खूण सांगितली आहे. अवधान या विषयावरचे आजचे प्रयोग वाचताना मला हे हमखास आठवतं. पण दोन्ही एकच, असं म्हणायच्या मोहात पडू नका; प्रश्न सारखा दिसतो, उत्तर शोधायची रीत वेगळी आहे. मुद्दा एवढाच की आत्मा या शब्दावर आधीच मोठा मजकूर लिहिलेला होता. मन त्या मानाने मोकळं होतं, आणि ते लोकांचंही होतं. समर्थांनी दोनशे पाच श्लोकांत मनालाच समजावलं. आमच्या शेजारच्या खानदेशात बहिणाबाईंनी मनाला शेतातल्या गुरावासरांच्या आणि पाखरांच्या रूपात पाहिलं.

'मानस' हा शब्द मात्र जरा फसवा. संस्कृतात त्याचा अर्थ मनासंबंधीचं आणि मनही. मराठीत मात्र 'पुढच्या वर्षी डाळिंब लावायचा मानस आहे' असंही आपण म्हणतो, म्हणजे इरादा. शिवाय बोलण्यात 'न' आणि 'ण' जरा घसरले की ते माणसांचं शास्त्र होतं. माझ्या एका मित्राने अर्जावर खरोखरच 'माणसशास्त्र' लिहिलं होतं. विचार केला तर तेही फार चुकीचं नाही.

दुसरा अर्धा भाग 'शास्त्र'. हिंदीने मनोविज्ञान निवडलं, तमिळने 'उळवियल' असा स्वतःचा शब्द घडवला, आपण शास्त्रावर राहिलो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांच्या रांगेत ते शोभतं. पण त्याच रांगेत पाकशास्त्र, वास्तुशास्त्र आणि हस्तसामुद्रिकही उभी असतात. शास्त्र हा शब्द 'शास्' या धातूवरून आला, त्यात शिकवणं, आज्ञा करणं आहे. म्हणून 'शास्त्रापुरता गूळ ठेवा' असं आजी म्हणते तेव्हा ती विज्ञानाबद्दल बोलत नसते. (आणि 'शास्त्र असतं ते' हा विनोद तुम्हाला माहीतच आहे.) आबांनी मला व्यापाऱ्याच्या मनातलं ओळखायला सांगितलं, त्याचं एक कारण या शब्दातही असावं, असा माझा अंदाज आहे. शास्त्र जाणणारा माणूस म्हणजे सांगणारा, भाकीत करणारा. मोजणारा नव्हे.

आता माझी चूक. आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं की एकोणिसाव्या शतकातले मराठी लेखक मानसिक आजारांवर भरपूर लिहीत होते. पुरावा? जुन्या मजकुरात जागोजागी 'मनोविकार' हा शब्द सापडत होता. मी मोजणी करून तक्ताही केला होता! मार्गदर्शकांनी तो पाहिला आणि एकच विचारलं, "आगरकरांच्या हॅम्लेटचं नाव काय?"

विकारविलसित. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये केलेला अनुवाद. विकारांचा खेळ, म्हणजे राग, मत्सर, शोक, प्रेम यांचा खेळ. इथे विकार म्हणजे रोग नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७) तर तिथेही तेच : विकार म्हणजे मनात उठणारी भावना, क्षोभ. काम-क्रोधादी षड्रिपूंना विकार म्हणायची आपली जुनी पद्धत आहेच. हिंदीतही रामचंद्र शुक्लांनी भीती, क्रोध, उत्साह यांच्यावर जे निबंध लिहिले, ते 'मनोविकार' याच नावाखाली. म्हणजे ज्या शब्दाची मी आजार म्हणून मोजणी केली, तो निरोगी माणसाच्या रोजच्या भावनांसाठी होता. आज 'मनोविकारतज्ज्ञ' अशी पाटी वाचून मोठे झालेले आपण जुन्या पानावर तोच आजार शोधतो. माझा अख्खा तक्ता केराच्या टोपलीत गेला. दोन महिन्यांचं काम होतं.

हे घडलं तसं घडू नये म्हणून एक साधी सवय लावून घेतली आहे. शब्द सापडला की त्याला तारीख लावायची. मोल्सवर्थमध्ये काय अर्थ आहे, १८४७ च्या कँडींच्या इंग्रजी-मराठी कोशात इंग्रजी शब्दापुढे कोणता मराठी शब्द दिलाय, मग दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२ ते १९३८) काय झालंय आणि शेवटी भाषा संचालनालयाच्या मानसशास्त्र परिभाषा कोशात तो कुठे बसवला आहे. मोल्सवर्थ आणि दाते शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. नामपूरला बसून, मोबाईलवर, मी हे केलंय. एक शब्द चार कोशांत बघायला वीस मिनिटं लागतात.

संस्थांच्या नावांनाही अशीच तारीख लावता येते. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पण आधी हा विषय तत्त्वज्ञानाच्या पोटात शिकवला जाई, तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्राच्या सोबतीने. आगरकरांसारख्यांनी स्पेन्सर आणि मिल वाचले ते याच वातावरणात. भारतात स्वतंत्र विभाग पहिल्यांदा सुरू झाला कलकत्ता विद्यापीठात, १९१६ मध्ये. पुणे विद्यापीठात व्ही. के. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली विभाग उभा राहिला, तेव्हा त्याचं नाव होतं प्रायोगिक मानसशास्त्र विभाग. मुंबईत १९५९ मध्ये आला तो उपयोजित मानसशास्त्र विभाग. ही विशेषणं सजावट म्हणून लावलेली नव्हती. 'प्रायोगिक' म्हणजे आम्ही तत्त्वज्ञानवाले नाही, आम्ही प्रयोग करतो. 'उपयोजित' म्हणजे कारखाना, शाळा, दवाखाना इथे आमचं काम आहे. आपण कोण नाही, हे सांगण्यासाठी विषय विशेषण लावतो, आणि ती गरज संपली की विशेषण गळून पडतं. आज पुण्याच्या विभागाला नुसतं मानसशास्त्र पुरतं.

या विषयाचे शब्द सरकारी कागदावर येतात तेव्हा काय होतं, ते पाहायचं तर व्ही. व्ही. कामत यांचं काम बघा. बिने यांची बुद्धिमापन चाचणी त्यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, १९३४ मध्ये. १९४० मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांक काढताना तिचं नाव निघतं. त्या आकड्यापुढे कागदावर जो शब्द येतो, तो मात्र बदलत गेला. १९९५ च्या कायद्याच्या काळात 'मतिमंद', २०१६ च्या कायद्यानंतर 'बौद्धिक अक्षमता'. मूल तेच असतं, पण प्रमाणपत्र हातात घेऊन बाहेर पडणाऱ्या आईला या दोन शब्दांतलं अंतर कळतं.

इस्पितळांची कथाही तशीच. ठाण्याचं रुग्णालय १९०१ चं. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'लुनसी' होतं. १९८७ मध्ये 'मेंटल हेल्थ' आलं, २०१७ मध्ये 'मेंटल हेल्थकेअर'. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या पाट्यांवर आता प्रादेशिक मनोरुग्णालय लिहिलेलं असतं. लोक मात्र अजून 'ठाण्याला न्यायला पाहिजे याला' असं थट्टेत म्हणतात. पाटी बदलली तरी गावाच्या नावालाच तो अर्थ चिकटून राहिला. आमच्याकडे एखाद्याला झोप लागत नसेल, जीव घाबरत असेल, तर तो मालेगावला किंवा नाशिकला 'डोक्याच्या डॉक्टर'कडे जातो आणि घरी सांगतो, बीपी दाखवायला गेलो होतो. मनोविकार या शब्दाचा अर्थ भावना असाच उरला असता, तर तो काय म्हणाला असता, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारू नये. मी विचारतो.

सुधारलेला मसुदा गेल्या आठवड्यात परत आला. मनोविकाराचं प्रकरण मंजूर झालंय. मार्गदर्शकांनी या वेळी 'भावना' या शब्दाखाली रेघ मारली आहे आणि समासात लिहिलंय : वैद्य औषधाला भावना देतात, म्हणजे काढ्यात किंवा रसात चूर्ण पुन्हा पुन्हा घोटतात, ते आधी बघ.