ग्वाल्हेरच्या तटावरील दोर

किल्ले तोफांनी पडतात, उपासमारीने पडतात. ग्वाल्हेरचा किल्ला इ. स. १७८० मध्ये दोराने पडला. सुमारे ३०० फूट उंच खडकावरचा हा गड त्या वेळी महादजी शिंद्यांच्या ताब्यात होता, आणि तो अजिंक्य मानला जाई. इंग्रजांचा सेनानी पॉफम याने गोहदच्या राण्याकडील काही चोर हाताशी धरले. रात्री किल्ल्यात शिरण्याची वाट त्यांना ठाऊक होती.

३ ऑगस्टच्या रात्री शिपाई कापूस भरलेले जोडे घालून निघाले. पायथ्याचा १६ फुटांचा कडा लाकडी शिड्यांनी सर झाला, पुढची ४० यार्डांची उभी चढणही सरली. उरला ३० फुटांचा तट. वाटाडे तो आधी चढले, त्यांनी दोरशिड्या वर पक्क्या बांधल्या, आणि मग कॅप्टन ब्रूस २० शिपायांनिशी वर गेला. एकवीस जणांचे प्राण त्या गाठींवर होते. ब्रूसचे नाव इतिहासाने जपले. गाठी मारणारे अनामिकच राहिले.

सिंहगडावर १६७० मध्ये सूर्याजीने दोर कापल्याची कथा मराठी मुलांना पाठ असते. तेथे माघार खुंटावी म्हणून दोर तुटला. येथे मागच्यांना वाट मिळावी म्हणून तो टिकणे भाग होते. वर पोचलेल्या काही शिपायांनी निजलेल्या पहारेकऱ्यांवर उतावळेपणाने गोळ्या झाडल्या आणि गड जागा झाला. तरी शिड्या जागीच होत्या. उरलेली फौज त्यांवरून चढली आणि किल्ला गेला. महादजींनी तो १७८३ मध्ये परत घेतला.