वेडासोबतचा संसार

नांदेडला आम्ही सात-आठ मित्र महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि परभाषेतला एखादा चित्रपट पाहतो. गेल्या वर्षी असाच एक फ्रेंच चित्रपट पाहिला. दिग्दर्शक रेजिस र्‍वांसार, साल २०२१. नावाचा अर्थ ‘बोजँगल्सची वाट पाहताना’. ऑलिव्हिए बुर्दो या लेखकाच्या २०१६ च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. जॉर्ज आणि कामीय एका मेजवानीत भेटतात, लग्न करतात. तो तिला रोज नव्या नावाने हाक मारतो. घरात एक उंच पायांचा पक्षी मोकळा फिरतो, एकाच गाण्यावर दोघे पुन्हा पुन्हा नाचतात आणि टपालाने आलेली पत्रे न फोडताच ढिगात टाकली जातात. पुढे कामीयचा उल्हास आजाराच्या हद्दीत शिरतो. घराला आग लागते, तिला मनोरुग्णालयात ठेवतात, नवरा आणि मुलगा तिला तिथून पळवून स्पेनला नेतात. शेवटी ती जीव देते, आणि तिच्याशिवायचे आयुष्य जॉर्जला पेलत नाही.

पहिला तासभर आम्ही हसत होतो. शेवटी कुणी बोलेना. मला मात्र घरी जातानाही तो पत्रांचा ढीग दिसत होता, कारण त्याच्या अगदी उलटा एक ढीग मी लातूर जिल्ह्यात पाहिला आहे. माझी मावशी औसा तालुक्यातल्या एका गावी दिलेली. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी तिला कानात आवाज ऐकू येऊ लागले. तिचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, ते २०११ साली वारले. त्यांच्या ट्रंकेत डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तिकिटे, पावत्या असे सगळे तारीखवार बांधून ठेवलेले सापडले. जॉर्जने एकही कागद उघडला नाही, काकांनी एकही टाकला नाही. मनाच्या आजाराबरोबर संसार करणाऱ्या माणसाचा आपल्याकडे काही इतिहास आहे का, हा प्रश्न त्या ट्रंकेने माझ्यापुढे ठेवला.

शोधायला बसलो तर आधी भाषाच आडवी आली. मराठीत वेड हा शब्द प्रेमाचा सख्खा शेजारी आहे. वेड लागते, वेड लावले जाते, लहान मुलाला लाडाने वेडा म्हणतात. जुन्या मराठीतला ‘पिसे’ हा शब्दही भक्तीला आणि भ्रमाला सारखाच चालत असे. रंगभूमीने हीच वाट धरली. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर प्रसिद्ध केले आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी हॅम्लेटची भूमिका गाजवली. तिथे नायक वेडाचे सोंग घेतो आणि नायिका खरोखर वेडी होऊन मरते. प्रेमाने वेड लागलेली माणसे प्रेक्षकाला पुढेही पुष्कळ भेटली. वेड लागलेल्या माणसावर पुढे वीस वर्षे प्रेम कसे करायचे, हे मात्र त्या नाटकांत नव्हते. १९५७ मध्ये वसंत कानेटकरांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’ने घरातल्या वडीलधाऱ्याचा मनोविकार मंचावर आणला, आणि नावातच माणसाबरोबर घरही आले. मला तो बदल मोठा वाटतो.

कायद्याची गोष्ट वेगळी होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार जोडीदार सलग तीन वर्षे असाध्य वेडाने ग्रस्त असेल तर घटस्फोट मागता येत असे. १९७६ च्या दुरुस्तीने तीन वर्षांची अट काढली आणि ‘मानसिक विकार’ हा व्यापक शब्द घातला. ही दुरुस्ती झाली तेव्हा मावशी आजारी पडून दोनच वर्षे झाली होती. भावकीतल्या एका शहाण्याने काकांना सांगितले, “आता सोपं झालंय, तिला माहेरी पोचव.” काका म्हणाले, “तिला ताप आला असता तर पोचवली असती का?” आमच्या आजोळी हा संवाद सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच आजोळच्या आळीत पोचवलेल्या दोन लेकी मी लहानपणी पाहिल्या. त्यांच्या नवऱ्यांना कुणी नाव ठेवल्याचे आठवत नाही. पुढे १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पतीचे अपील फेटाळताना सांगितले की आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव मिळाले एवढ्यावर विवाह मोडता येणार नाही, तो किती तीव्र आहे हे सिद्ध करावे लागेल. काकांच्या प्रश्नाला न्यायालयाचे उत्तर यायला बारा वर्षे लागली.

उपचाराचे काय? निजामाच्या राज्याचे मनोरुग्णालय आपल्या मराठवाड्यात, जालन्यात होते. १९५३ मध्ये ते हैदराबादला एर्रागड्डा भागात हलवले गेले. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ते रुग्णालय दुसऱ्या राज्यात राहिले. मुंबई राज्याकडून आणि विदर्भाकडून पुढच्या महाराष्ट्राला ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर ही चार मनोरुग्णालये मिळाली. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. काकांच्या ट्रंकेतली तिकिटे हाच नकाशा दाखवतात. लातूरहून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी, कुर्डुवाडीला उतरून मोठी गाडी, मग पुणे. आवाज ऐकणाऱ्या बाईला अनोळखी माणसांच्या गर्दीत रात्रभर शांत ठेवायचे. काका तिला खिडकीशी बसवत आणि प्रत्येक स्टेशनचे नाव तिच्याकडून म्हणवून घेत. ती चुकीचे नाव सांगे, हे तेच नाव पुढे मोठ्याने म्हणत, डब्यातली पोरे हसत आणि तीही हसे. जॉर्जच्या रोजच्या नव्या नावांपाशी मला हा डबा आठवला. फरक एवढाच की काका हसत तिला डॉक्टरकडेच घेऊन जात होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. काकांचे घर पडले, दोघे वाचले. मावशी त्याआधी कित्येक वर्षे छताखाली झोपायला घाबरत असे आणि गाव तिला हसत असे. त्या पावसाळी रात्रींत सारे गाव उघड्यावर झोपले. बायका मधेच दचकून ओरडत, पुरुष भांडे वाजले तरी पळत. कुणी कुणाला वेडे म्हणाले नाही. मदतछावण्यांत जखमा बांधणाऱ्या डॉक्टरांबरोबर मनाची विचारपूस करणारे डॉक्टरही आले. झोप लागते का, कुणाचा आवाज ऐकू येतो का, असे प्रश्न त्या गावाला पहिल्यांदाच विचारले गेले. मावशीचीही तपासणी झाली आणि पुढची काही वर्षे औषध लातूरलाच मिळू लागले. काका म्हणत, “गावाला माझं घर कळायला धरणी हलावी लागली.”

त्यानंतरच्या दशकात मराठी चित्रपटाने या घरांकडे पाहिले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ २००४ चा. अतुल कुलकर्णीने रंगवलेल्या शेषला स्किझोफ्रेनिया आहे, पण सोनाली कुलकर्णीने केलेल्या बहिणीचा थकवा, चिडचिड आणि माया यांनाही चित्रपटात तेवढीच जागा आहे. या चित्रपटामागे जगन्नाथ वाणी होते. धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक झालेले वाणी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाबरोबर अनेक वर्षे जगले आणि त्या अनुभवातून पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी संस्था त्यांनी उभी केली. म्हणजे मराठीतला हा महत्त्वाचा चित्रपट मुळात एका नवऱ्याच्या संसारातून आला. ‘अस्तु’मध्ये स्मृती हरवलेल्या संस्कृत पंडिताला कन्नड बोलणारी माहुताची बायको लेकरासारखे जेवू घालते. पंडिताची भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. नैराश्याने ग्रासलेल्या मुलाची गोष्ट सांगणाऱ्या ‘कासव’ला २०१६ सालचे सुवर्णकमळ मिळाले, त्याचीही निर्मिती आगाशे यांनीच केली. या तिन्ही चित्रपटांत सांभाळणारी माणसे देव नाहीत, ती वैतागतात आणि तरी थांबतात.

काकाही देव नव्हते. एकदा ते मावशीला घरात कोंडून दोन दिवस शेतावर जाऊन राहिले होते, शेजारणीने खिडकीतून भाकरी दिली. हे त्यांनी स्वतः मला सांगितले आणि सांगताना मान वर केली नाही. फ्रेंच चित्रपटावरचा माझा आक्षेप इथेच आहे. त्यात प्रेम फार सुंदर आहे, पण रोज सकाळी गोळी द्यायची कुणी, हा प्रश्न तो नाचून टाळतो. मुलगा मागे राहतो आणि चित्रपट संपतो. आपल्याकडच्या गोष्टी बहुधा तिथूनच सुरू होतात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा रुग्णाचा हक्क ठरवला. काका तोवर राहिले नाहीत. मावशी त्यांच्या आधी तीन वर्षे गेली, झोपेत. ट्रंकेत सर्वांत खाली ‘कालनिर्णय’ची जुनी पाने होती. प्रत्येक चौकोनात काकांनी पेन्सिलीने एकेक शब्द लिहिला होता: जेवली, झोपली नाही, बोलली, रडली, हसली. दर नव्या डॉक्टरला दाखवण्यासाठी ती नोंद होती. तशी एकोणीस वर्षांची पाने आज माझ्याकडे आहेत. मराठवाड्यातल्या अनेक घरांत असे कागद असणार आणि दिवाळीच्या आवराआवरीत ते रद्दीत जात असणार. वाचकांना विनंती एवढीच, की असे काही हाती लागले तर द्यायच्या आधी एकदा वाचा. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या संसाराची दुसरी नोंद कुठेही नाही.