विदर्भ एक्स्प्रेस (टोपणनाव)

भारताचे वेगवान गोलंदाज उमेश यादव (जन्म २५ ऑक्टोबर १९८७, नागपूर) यांचे टोपणनाव. घरचे नाव बबलू. ‘विदर्भ एक्स्प्रेस’ हे वृत्तपत्रे आणि समालोचकांनी रूढ केले.

मूळ विदर्भ एक्स्प्रेस ही रेल्वेगाडी, मुंबई ते गोंदिया धावणारी (क्र. १२१०५, परतीची १२१०६). ती संध्याकाळी मुंबई सोडते, सकाळी नागपूर गाठते आणि भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा करीत गोंदियाला थांबते. गोंदियात नुसते ‘विदर्भ’ म्हटले तरी गाडीच समजतात. ‘विदर्भ लेट आहे का?’ या प्रश्नाचा क्रिकेटशी संबंध नसतो.

यादव यांचे वडील उत्तर प्रदेशातून येऊन कोळसा खाणीत कामाला लागले. कुटुंब नागपूरजवळच्या खापरखेडा परिसरातील वलनी येथे राहिले. यादव यांना पोलीस भरतीत यश आले नाही. विशीच्या उंबरठ्यापर्यंत ते टेनिस चेंडूवरच खेळत होते. चामड्याचा चेंडू हाती आला तो त्यानंतर. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी पदार्पण, २०१० मध्ये झिम्बाब्वेत पहिला एकदिवसीय सामना आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी. विदर्भाच्या रणजी संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेले ते पहिले खेळाडू. टोपणनावात गावाऐवजी अख्खा प्रदेश आला, त्यामागे हेच कारण दिसते. वलनीचे नाव बाहेर कोणाला ठाऊक नव्हते आणि संघ तर विदर्भाचा, ज्याच्या कक्षेत गोंदियाही येते. ५७ कसोटींत त्यांनी १७० बळी घेतले. २०१५ च्या विश्वचषकात १८ बळींसह ते भारताचे सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले.

नाव सार्थ ठरावे असा सामना मात्र भारतीय संघाकडून नव्हे, विदर्भाकडून झाला. जानेवारी २०१९ मध्ये वायनाडच्या कृष्णगिरी मैदानावर केरळविरुद्ध रणजी उपांत्य सामना होता. पहिल्या डावात यादव यांनी ४८ धावांत ७ बळी घेतले आणि केरळ १०६ वर आटोपला. विदर्भाने २०८ केल्या. दुसऱ्या डावात त्यांनी आणखी ५ गडी टिपले, केरळचा डाव ९१ वर संपला आणि दोन दिवसांतच विदर्भ एक डाव ११ धावांनी जिंकला. पुढे नागपुरातच सौराष्ट्राला हरवून विदर्भाने लागोपाठ दुसऱ्यांदा रणजी करंडक राखला.

वेगवान गोलंदाजाला गाडीचे नाव देण्याची रीत अर्थातच आधीची. जवागल श्रीनाथ ‘म्हैसूर एक्स्प्रेस’ आणि शोएब अख्तर ‘रावळपिंडी एक्स्प्रेस’ होते. क्रिकेटबाहेर तर ती शंभर वर्षे जुनी आहे. अमेरिकन बेसबॉलमध्ये वॉल्टर जॉन्सन (१८८७–१९४६) या चेंडूफेक्याला ‘बिग ट्रेन’ म्हणत; क्रीडापत्रकार ग्रँटलँड राइस यांनी ते नाव लोकप्रिय केले. १९०७ ते १९२७ जॉन्सन एकाच वॉशिंग्टन संघाकडून खेळले आणि ४१७ सामने जिंकले. त्या काळी सर्वसामान्य माणसाच्या पाहण्यात आगगाडीहून वेगवान फारसे काही नव्हते, म्हणून उपमा चपखल बसली. आपल्याकडे विमाने सर्रास उडू लागल्यावरही गाडीच टिकली. कारण उघड आहे: जॉन्सनच्या नावात नुसता वेग आहे, इथे वेगाआधी प्रदेश येतो, आणि विदर्भाच्या माणसाला त्याचेच अप्रूप.

विदर्भाशी जोडलेले दुसरे ठसठशीत टोपणनाव ‘कर्नल’. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू (१८९५–१९६७) नागपूरचे. होळकरांच्या सैन्यात ते खरोखरच कर्नल होते, तेव्हा त्यांच्यापुरते ते टोपणनाव नव्हे, हुद्दा होता. टोपणनाव झाले ते दिलीप वेंगसरकर यांच्याबाबतीत. १९७५ मध्ये नागपुरातच इराणी करंडकाच्या सामन्यात मुंबईच्या या तरुण फलंदाजाने फिरकीपटू बेदी आणि प्रसन्ना यांना षटकार ठोकत शतक झळकावले. बघणाऱ्यांना नायडू आठवले आणि सैन्यात कधीही नसलेले वेंगसरकर जन्मभराचे ‘कर्नल’ झाले.