संत्रा कोटिंग

संत्र्याच्या सालीवर खाण्यायोग्य मेणाचा किंवा बहुवारिकाचा (पॉलिमरचा) अतिशय पातळ थर चढवण्याची काढणीनंतरची प्रक्रिया. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा नरखेड तालुका, लगतचा काटोल आणि वर्धा नदीपलीकडचे वरुड या संत्रापट्ट्यातला माल लांबच्या बाजारात पाठवताना ती करतात.

सालीवर मुळातच मेणाची साय असते. धूळ आणि औषधांचे डाग काढताना ब्रशखाली तीही जाते, मग फळ लवकर सुकते व वजनात घटते. कोटिंग ही या नुकसानीची भरपाई. धुतलेली फळे वाळवून फिरत्या ब्रशवर द्रावण फवारतात, पुन्हा वाळवतात आणि आकारानुसार प्रतवारी करतात.

द्रावणातले मुख्य घटक दोन. ब्राझीलमधल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण पाणी चांगले अडवते. लाखेपासून केलेले शेलॅक चमक जास्त देते. शेलॅक हे निसर्गात तयार होणारे पॉलिएस्टरच आहे. त्याच्या रेणूवरच्या आम्लगटांमुळे ते अमोनियासारख्या अल्कलीत विरघळते. फवारणीनंतर अमोनिया उडून जातो आणि सालीवर पाण्यात न विरघळणारा पापुद्रा उरतो. साल तेलकट असल्याने द्रावणाचे थेंब होऊन ओघळू नयेत म्हणून पृष्ठताण कमी करणारा पदार्थही घालावा लागतो. शीतगृहातून बाहेर काढताच फळाला घाम सुटला, तर शेलॅकचा थर पांढुरका पडतो. बाजारात अशा फळाकडे संशयाने पाहिले जाते, पण तो रोग नव्हे.

खरी अडचण वेगळीच. तोडलेले फळही श्वसन करत असते. थर जाड झाला की ऑक्सिजन आत जात नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो, इथेनॉल तयार होते आणि फोडीला आंबूस वास येतो. माल्टा, मोसंबीपेक्षा संत्रावर्गीय फळे याला लवकर बळी पडतात. त्यामुळे दुकानात भाव मिळवून देणारी झगमग आणि खाणाऱ्याला मिळणारी चव यांचे हित एक नाही. शेलॅकबहुल द्रावणाचा सढळ हात चमकीसाठीच असतो. पाणी अडवावे पण वायू जाऊ द्यावा, ही या थराकडून असलेली मागणी रसायनशास्त्रालाही अजून पूर्ण सुटलेली नाही.

नागपूर संत्र्याची साल पातळ आणि फोडींपासून सुटी असते. झाडावरून हिसकून तोडल्यास देठाजवळ ती फाटते आणि तिथून पेनिसिलियम बुरशी शिरते. कोटिंगने ती जखम बरी होत नाही, झाकली मात्र जाते. म्हणून देठ राखून कात्रीने तोडणी करण्याचा सल्ला दिला जातो, जो मजुरीचा हिशेब करणाऱ्याला महाग वाटतो. १९८५ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या आणि आता केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत या फळाच्या साठवणुकीवर बरेच काम झाले. ६ ते ७ अंश सेल्सिअस तापमान व ९० ते ९५ टक्के आर्द्रता त्याला मानवते. त्याहून फार थंडीत सालीवर डाग उमटतात.

भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार ताज्या फळांवर मधमाशीचे मेण, कार्नोबा किंवा शेलॅक चालते; मात्र मेण लावल्याचा उल्लेख लेबलवर हवा. सुट्या विक्रीत तो क्वचितच दिसतो.

कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानवर अलीकडे जगभर संशोधन सुरू आहे. त्यावरचे धनभारित अमिनो गट बुरशीच्या पेशीपटलाला बाधा आणतात, त्यामुळे तोच थर पापुद्रा आणि औषध अशी दोन्ही कामे करू शकतो.